गोंडे मोजा, मग नाव घ्या

लंडनला आले त्या पहिल्या ऑक्टोबरात रस्त्यावरचं एक पिवळं पान उचलून मी 'आमच्या दारातला मेपल' म्हणून घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. सगळ्यांनी बदाम पाठवले. पुढच्या वर्षी आत्या आली. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई, तिनं मला फुटपाथवरच थांबवलं. "अगं, पानाचा आकार काय बघतेस? फांदीवरचं एक पान देठासकट ओढ आधी."

ओढलं. देठाचं खालचं टोक पोकळ, शिंप्याच्या अंगुस्तानासारखं. आणि ते जिथून निघालं तिथे पुढच्या वर्षीचा डोळा, म्हणजे कोंब, इतके दिवस त्या टोपीखाली झाकलेला. ही प्लेन नावाच्या झाडाची खूण. म्हणजे माझं पान मेपलचं नव्हतंच. मेपलचा डोळा देठाच्या बगलेत उघडा बसलेला असतो. शिवाय मेपलची पानं फांदीवर समोरासमोर जोडीनं येतात, प्लेनची एक इकडे, एक तिकडे. एवढं पाहिलंत की पानाच्या आकारानं फसणार नाही.

लांबून ओळखायचं तर खोड बघा. आपल्या पेरूच्या खोडाचे पापुद्रे निघून खाली गुळगुळीत डाग दिसतात ना, तसंच, फक्त झाड पाच मजली. हिरवट, पिवळट, राखाडी असे ठिगळ लावल्यासारखे डाग.

आता प्लेन कुठला, ते ठरवायला गोंडे मोजा. फळं म्हणजे लोंबत्या दोऱ्याला ओवलेले काटेरी गोंडे. पानगळ झाल्यावर ते उत्तम दिसतात, म्हणून हे काम हिवाळ्याचं. लंडन प्लेनच्या दोऱ्यावर बहुधा दोन. बहुधा म्हणते, कारण एक किंवा तीनही सापडतात. एका दोऱ्यावर विसंबू नका, दहा तरी बघा. लंडनच्या बर्कली स्क्वेअर या चौकातले थोराड लंडन प्लेन 1789 साली लावलेले आहेत. धूर, छाटणी, दगडासारखी दाबलेली माती, सगळं हे झाड सोसतं.

हे झाड म्हणजे दोन खंडांतल्या झाडांचा सतराव्या शतकातला संकर. त्यातला एक जनक चिनार. हो, काश्मीरचा चिनार हा प्लेनच. त्याच्या पानाच्या खाचा खोल, बोटं सुटी झाल्यासारख्या, आणि दोऱ्यावर तीन ते सहा गोंडे. काश्मीर विद्यापीठाच्या आवारातल्या नसीम बागेत एवढे चिनार आहेत की मान दुखेपर्यंत मोजता येतात. गळलेली पानं तिथे जाळून कांगडीसाठी, म्हणजे ऊब घ्यायच्या छोट्या शेगडीसाठी, कोळसा करतात. झाड तोडायला मात्र सरकारी परवानगी लागते.

दुसरा जनक पूर्व अमेरिकेतला. माझा भाऊ न्यू जर्सीत राहतो, त्याच्या घरामागच्या ओढ्याकाठी हा आहे. खाचा उथळ, पान रुंद, वरचं खोड हिवाळ्यात पांढरंफटक, आणि दोऱ्यावर एकच गोंडा. याचं एक नाव बटनवुड. न्यूयॉर्कच्या 24 शेअर दलालांनी 1792 साली ज्या बटनवुडच्या नावानं ओळखला जाणारा करार केला, ते हेच झाड. कॅलिफोर्नियात गेलात तर पुन्हा खोल खाचा आणि दोऱ्यावर बरेच गोंडे. त्याला चिनार म्हणू नका, तो तिथला वेगळा. लाओस-व्हिएतनाममधल्या जातीवर तर आत्याची अंगुस्तानाची युक्तीही चालत नाही: पान लांबट, बिनखाचांचं, डोळा उघडा.

नावांचा घोळ मात्र लक्षात ठेवा. अमेरिकेत भावाला शेजारी 'सिकॅमोर' म्हणाला, तो प्लेन. इंग्लंडात सिकॅमोर म्हणजे मेपल, पंखवाल्या बियांचा. आणि बायबलातला सिकॅमोर तर आपल्या उंबराचा भाऊबंद!

प्लेनचे खरे भाऊबंद विचाराल तर हसाल: कमळ, आणि आपल्याकडे बंगल्यांच्या कुंपणाशी लावतात तो सिल्व्हर ओक. दिसण्यात काही साम्य नाही. जनुकांवरून ते नातं कळलं. आत्या हे अजून पुरतं मानत नाही.

एक सूचना. पिकलेला गोंडा नाकाजवळ नेऊन फोडू नका. आत दाणे आणि बारीक केस असतात, खोकून जीव जातो. आत्यानं एक गोंडा रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला होता. घरी येईतो तो फुटला. तिच्या पासपोर्टातून, औषधांच्या पाकिटांतून तपकिरी म्हातारी उडत होती, आणि ती शिंकता शिंकता म्हणत होती, "हां, हीच ती."