लायपेज वापरून ट्रान्समुक्त बेकरी-मेद कसा तयार करावा

खाद्यतेले व मेदांतील ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा भारतात जानेवारी 2022 पासून 2 टक्के झाली, त्यामुळे अंशतः हायड्रोजनीकरण केलेल्या वनस्पती तुपाला पर्याय शोधणे अपरिहार्य ठरले. घट्ट पाम स्टिअरीन (पामतेलाचा घन भाग) आणि पातळ सूर्यफूल तेल यांतील मेदाम्लांची लायपेज या मेदावर काम करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने अदलाबदल घडवणे हा त्यांपैकी एक उत्तम पर्याय आहे. प्रयोगशाळेत 200 ग्रॅम मिश्रणावर तो पुढीलप्रमाणे करता येतो.

सर्वाधिक काळजी तेलाची घ्यावी, कारण बहुतेक प्रयोग तिथेच बिघडतात. खवट तेलातील पेरॉक्साइड व अल्डिहाइड, शुद्धीकरणानंतर उरलेला साबण, फॉस्फोलिपिड किंवा सायट्रिक आम्ल यांपैकी काहीही लायपेजला निकामी करू शकते. म्हणून ताजे, रिफाइंड तेलच घ्यावे आणि त्याचे पेरॉक्साइड मूल्य (खवटपणाचे माप) आधी तपासावे. 120 ग्रॅम वितळवलेले स्टिअरीन व 80 ग्रॅम सूर्यफूल तेल एकत्र करून निर्वात स्थितीत तापवावे, म्हणजे त्यातील ओलावा निघून जाईल. पाणी राहिल्यास अदलाबदलीऐवजी जलविघटन होते आणि मुक्त मेदाम्ले वाढतात.

तापमान 70 अंश सेल्सियसवर स्थिर झाल्यावर सिलिकाच्या दाण्यांवर बसवलेले, थर्मोमायसेस लॅन्युजिनोसस या बुरशीचे लायपेज 10 ग्रॅम घालावे आणि शक्यतो नायट्रोजनखाली पात्याच्या ढवळणीने मंद ढवळावे. चुंबकीय कांडी वापरू नये. ती तळाशी घासत फिरते आणि दाणे भरडते, मग गाळणे कठीण होते. मेदाच्या रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात; हे लायपेज मुख्यतः त्याच्या पहिल्या व तिसऱ्या स्थानावरच काम करते, म्हणून मधले मेदाम्ल बहुतांशी जागीच राहते. मात्र प्रक्रिया गरजेपेक्षा लांबवल्यास तेही सरकू लागते.

दर दोन तासांनी नमुना गाळून घ्यावा. दोन्ही टोके उघडी असलेल्या केशनलिकेत वितळलेल्या मेदाचा 1 सेंटिमीटरचा स्तंभ घ्यावा, रात्रभर गारठवावा आणि पाण्यात हळूहळू तापवावा. स्तंभ ज्या तापमानाला वर सरकतो, तो स्लिप वितळणबिंदू. तो उतरत जाऊन लागोपाठच्या नमुन्यांत स्थिरावला की अदलाबदल पूर्ण झाली, असे समजावे. चाचणीला रात्र लागत असल्याने पहिल्या खेपेतून वेळ निश्चित करावा.

नव्या लायपेजमध्ये स्वतःचा थोडा ओलावा असतो, म्हणून या पहिल्या खेपेत मुक्त मेदाम्ले जास्त येतात आणि ही खेप वेगळी ठेवणे योग्य. दाणे गाळून लगेच पुढच्या खेपेला वापरावेत, पाण्याने धुऊ नयेत. खाण्यासाठी वापरण्यापूर्वी मेदाचे निर्गंधीकरण करणे आवश्यक आहे.