ओआयएस बंद केलं म्हणजे लेन्स जागेवर थांबली असं नसतं

आमच्या टीममध्ये नवी पोरं आलीयेत आणि मी पहिल्या वर्षी जिथे तीन आठवडे घालवले त्याच खड्ड्याकडे ती निघालीयेत, म्हणून लिहितोय. विषय आहे फोनच्या दोन कॅमेऱ्यांतून डेप्थ, म्हणजे वस्तू किती लांब आहे ते, काढणं, आणि त्यात ओआयएसने (हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून लेन्स सरकवणारी यंत्रणा) घातलेला घोळ. पिनहोल मॉडेल (कॅमेऱ्याचं साधं गणित), डिस्टॉर्शन (लेन्समुळे चित्र वाकणं), झांगची चेसबोर्डवाली कॅलिब्रेशनची पद्धत (चौकटींच्या चार्टचे फोटो घेऊन कॅमेऱ्याचे आकडे काढणं) एवढं येतं असं धरतो.

आधी आकडे, कारण पुढची सगळी रडकथा त्यांच्यावर आहे. फोनमध्ये दोन कॅमेऱ्यांतलं अंतर (बेसलाइन) साधारण सेंटीमीटरभर. फोकल लेंग्थ ४ मिमी आणि पिक्सेल १ मायक्रॉनचा धरला तर फोकल लेंग्थ ४००० पिक्सेल झाली. म्हणजे २ मीटरवरच्या वस्तूची डिस्पॅरिटी (दोन्ही फोटोंतल्या तिच्या जागांमधला फरक) फक्त २० पिक्सेल, आणि त्यात एका पिक्सेलची चूक झाली की डेप्थ १० सेंटीमीटरने हुकली. ५ मीटरवर डिस्पॅरिटी ८ पिक्सेल आणि तिथे तीच एक पिक्सेलची चूक तुम्हाला ६० सेंटीमीटरच्या वर पडते. पिक्सेल म्हणजे इथे रोकड आहे, हे डोक्यात ठेवून पुढे वाचा.

माझा पहिला प्रोजेक्ट पुण्यात होता, मेन कॅमेऱ्याला ओआयएस आणि शेजारचा साधा, ओआयएस नसलेला. मी ड्रायव्हरमधून ओआयएस डिसेबल केलं, चार्ट टेबलावर आडवा ठेवला, फोन वर स्टँडला खाली तोंड करून लावला आणि कॅलिब्रेट केलं. रिप्रोजेक्शन एरर (चार्टचे कोपरे गणिताने जिथे यायला हवेत आणि फोटोत जिथे दिसतात त्यातला फरक) ०.२ पिक्सेल! रिव्ह्यूमध्ये ग्राफ दाखवून मिरवलो पण. मग टेस्टिंगवाल्याने फोन हातात आडवा धरून कॉरिडॉरमधल्या खुर्चीचा फोटो काढला, खुर्ची २ मीटरवर आणि आमची डेप्थ म्हणते १ मीटर. त्याने फोन उलटा फिरवून धरला तर तीच खुर्ची एकदम क्षितिजावर. उभा धरला तर डेप्थ मॅपच्या चिंध्या.

मी काय केलं असेल? मॅचिंगचा (दोन्ही फोटोंत तोच बिंदू शोधण्याचा) अल्गोरिदम बदलला. दोनदा. मग डिस्टॉर्शनचे कोएफिशियंट वाढवले. माझ्या सीनियरने तर 'अजून फोटो घे, शंभर घे' एवढंच सांगितलं, आणि मी घेतले. (अजून डेटा घे असं सांगणारा आणि स्वतः एकदाही बेंचवर न येणारा मेंटॉर मिळाला तर गोड बोला आणि लांब राहा.)

सुटलं ते असेंब्लीतल्या एका काकांमुळे. त्यांनी सुटं कॅमेरा मॉड्यूल माझ्या कानाला लावलं आणि म्हणाले, "हलव आता." आत खुळखुळ. "पॉवर नाय ना, लोंबकळतीय ती."

आता हे नीट वाचा, दोनदा वाचा. आमच्यासारख्या मॉड्यूलमध्ये ओआयएसची लेन्स बारीक तारांवर टांगलेली असते. डिसेबल म्हणजे कॉइलचा करंट गेला, म्हणजे लेन्स मोकळी सुटली आणि गुरुत्वाकर्षण नेईल तिकडे सरकली. तुम्हाला हवं ते 'बंद' नाही, 'सेंटर लॉक' हवं, म्हणजे करंट चालू आणि हॉल सेन्सर (मॅग्नेटवरून लेन्सची जागा कळवणारा) बघून लेन्स मध्यावर धरलेली. टेबलावर तोंड खाली होतं तेव्हा ओढ ऑप्टिकल अॅक्सिसच्या दिशेने होती, त्यामुळे मध्यबिंदू (लेन्सचा मध्य सेन्सरवर पडतो ती जागा) शहाण्यासारखा मध्यावर. फोन समोर धरला की लेन्स बाजूला उतरली, आमच्याकडे वीसेक पिक्सेल. फोन उभा असताना ती बेसलाइनला आडवी सरकायची, दोन्ही फोटोंच्या पिक्सेलच्या रांगा जुळायच्या नाहीत आणि मॅप फाटायचा, निदान कळायचं तरी. आडव्यात ती बेसलाइनच्याच दिशेने सरकायची, मॅचिंग मस्त व्हायचं आणि उत्तर साफ खोटं: २० चे ४० झाले की २ मीटरचा १ मीटर, २० चा शून्य झाला की अनंत.

आणि रिप्रोजेक्शन एरर का बोलला नाही? कारण त्या एका बैठकीत लेन्स एकाच जागी लोंबत होती. जिथे असेल तिथला मध्यबिंदू सॉल्व्हर (कॅलिब्रेशनचं गणित सोडवणारा प्रोग्रॅम) मुकाट्याने मान्य करतो. म्हणून फोन चारही बाजूंनी फिरवून, वर तोंड, खाली तोंड, सहा वेळा वेगळं कॅलिब्रेशन करा आणि मध्यबिंदू शेजारी शेजारी लिहा. एका पिक्सेलच्या वर फरक असेल तर पुढे जाऊ नका. ऑटोफोकसच्या स्प्रिंगचं पण हेच, तिथे फोकल लेंग्थ हलते. आणि शेजारच्या मॉड्यूलचं मॅग्नेट हॉल सेन्सरला फसवू शकतं, ती वेगळी मजा.

शेवटी आमची दुरुस्ती काय होती, ड्रायव्हरमधला एक मोड बदलला. तेवढंच. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता येत नाही, पण खरं सांगू, इथे सगळेच असे एकदा आपटलेत, फक्त मीटिंगमध्ये बोलत नाहीत. आयफोन ७ प्लसमध्ये (२०१६) पण वाइड कॅमेऱ्याला ओआयएस होतं आणि टेलीला (लांबचं जवळ दाखवणाऱ्याला) नव्हतं, म्हणजे हीच जोडी, आणि त्याचा पोर्ट्रेट मोड चालला. ओआयएस चालू ठेवूनच काम करायचं असेल तर ॲन्ड्रॉइड ९ पासून फ्रेमसोबत लेन्स किती सरकली त्याचे सॅम्पल मागता येतात, फोन देत असेल तर.

बाकीचं पटापट. दोन सेन्सर सारखेच असतील तर आयटूसी (सेन्सरला आज्ञा पाठवायच्या तारा) पत्ता पण सारखाच येतो, स्किमॅटिकच्या (सर्किटच्या नकाशाच्या) दिवशीच बघा. फ्रेम सिंक (दोन्ही कॅमेऱ्यांच्या फ्रेम एकाच वेळी) लावलं तरी एक्सपोजर वेगवेगळं असेल तर दोन्हींच्या एक्सपोजरचा मध्य जुळत नाही, हलणारा हात दोन जागी दिसतो. चार्ट कागदावर छापून थर्माकोलला चिकटवू नका, जुलैत तो पापडासारखा वाकतो, मी बोर्डवाल्याकडून एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट) शीटवर करून घेतला. आणि जास्त कॅमेरे म्हणजे भारी असं मला तरी वाटत नाही, लाइट कंपनीच्या एल१६ कॅमेऱ्यात १६ होते, गूगलच्या पिक्सेल २ फोनने २०१७ मध्ये मागच्या एकाच कॅमेऱ्याच्या ड्युअल पिक्सेलवर (प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग) पोर्ट्रेट करून दाखवला.

विकतचे कोर्स नका घेऊ. रास्पबेरी पाय ५ ला (एका बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर) दोन कॅमेरा कनेक्टर आहेत, त्यावर फिक्स फोकसवाला 'कॅमेरा मॉड्यूल २' घ्या, दोन नग (मॉड्यूल ३ ऑटोफोकस आहे, पहिल्यांदा नको), ॲल्युमिनियमच्या पट्टीवर स्क्रूने घट्ट बसवा, सेलोटेप नाही, आणि खुर्ची २ मीटरवर ठेवून मेजर टेपने मोजा.