कामगारांचा गुणगौरव सोहळा: या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींत, कधी जालन्याच्या स्टील कारखान्यांत मी गुणगौरव सोहळ्यांचं सूत्रसंचालन करतो. कंपनी बदलते, स्टेज बदलतं, चुका मात्र त्याच. त्या पैसे कमी पडले म्हणून होत नाहीत, आदल्या रात्री घाईघाईत यादी करायला बसल्यामुळे होतात.

इंग्रजी यादीवरून नावं वाचणं

ही चूक मला अजिबात सहन होत नाही. वाळूजच्या एका कंपनीने मुख्य निवेदनासाठी मुंबईहून एका मुलीला बोलावलं होतं. तिच्या हातातली यादी पगारपत्रकावरून जशीच्या तशी उचललेली, सगळी इंग्रजी अक्षरांत. पावडर कोटिंगच्या, म्हणजे धातूच्या पार्टवर पावडरचा रंग चढवण्याच्या विभागातल्या एका ऑपरेटरचं आडनाव गाढे. तिने माइकवर खणखणीत आवाजात ‘गधे’ वाचलं. मागच्या रांगांत हशा पिकला. त्याचे वडील फुलंब्रीकडच्या गावातून नवा फेटा बांधून मुद्दाम आले होते. पोरगा मान खाली घालून वर आला, ट्रॉफी घेतली आणि फोटोलाही न थांबता उतरला. जेवणाच्या वेळी बापलेक कुठेच दिसले नाहीत. त्या मुलीला दोष देणार नाही. जे हातात दिलं ते तिने वाचलं. यादी देणाऱ्याने एकदा डोळ्यांखालून घालायला हवी होती.

त्याहून जास्त लागलं ते पुढचं. सन्मानपत्रावर फक्त ‘उल्लेखनीय कामगिरीबद्दल’ एवढंच छापलेलं. वास्तविक त्याचं काम सांगण्यासारखं होतं. पार्ट टांगायच्या हुकांवर जुन्या पावडरचा थर चढला की अर्थिंग, म्हणजे पार्टची जमिनीशी असलेली वीजजोडणी तुटते आणि पार्टवर पावडर नीट धरत नाही. हे हेरून त्याने शिफ्ट सुरू व्हायच्या आधी हूक साफ करायची पद्धत पाडली आणि रिजेक्शन खाली आलं. स्टेजवरून एवढं सांगितलं असतं तर शेती करणाऱ्या त्याच्या बापालाही आपल्या पोराने काय केलं ते कळलं असतं.

म्हणून यादी मी देवनागरीतच मागतो आणि प्रत्येकाला स्वतः फोन लावतो. ‘दादा, नाव पूर्ण सांगा, आणि काम नेमकं काय केलं तेही सांगा.’ गेल्या वर्षीच्या मजकुरात नावं बदलून देणारे नवे एचआरवाले म्हणतात, एवढा वेळ कुठाय? ज्या माणसाने वर्षभर लाइन सांभाळली, त्याच्यासाठी फोनवरची दोन मिनिटं निघालीच पाहिजेत. जमल्यास मजकूर लाइन इन्चार्जलाच वाचू द्या. त्याचं बोलणं अडखळेल, पण ते खरं वाटतं.

सेकंड शिफ्टला विसरणं

कार्यक्रम संध्याकाळी सातला ठेवला की सेकंड शिफ्ट मशीनवर असते आणि थर्ड शिफ्टवाला घरून निघायच्या तयारीत. मग ‘अनुपस्थित, पुरस्कार नंतर दिला जाईल’ अशी घोषणा होते आणि ट्रॉफी टाइम ऑफिसच्या कपाटात पडून राहते. बक्षिसं शिफ्ट बदलताना शॉप फ्लोअरवरच द्या. दोन शिफ्टची माणसं तिथे आयतीच असतात. थर्ड शिफ्टच्या विजेत्याला त्या रात्री भरपगारी सुटी द्या. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होतेच, तो दिवसही उत्तम. रात्रीचं जेवण ठेवायचं तर ठेवा, पण पैठण, गंगापूर, कन्नडच्या माणसांची परतीची बस आधी ठरवा. बस नसेल तर ती माणसं अर्ध्यातून उठणारच.

शून्य अपघाताची ट्रॉफी

4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्या सुमारास ही ट्रॉफी बऱ्याच ठिकाणी निघते. हेतू चांगला, परिणाम वाईट. विभागाचा रेकॉर्ड मोडू नये म्हणून माणसं बोट कापलं तरी चिंधी बांधून काम करतात, सुपरवायझरही गप्प बसतो. त्याऐवजी थोडक्यात टळलेला अपघात स्वतःहून कळवणाऱ्याला बक्षीस द्या. प्रेस मशीनचं हात वाचवणारं गार्ड ढिलं झाल्याचं वेळेत सांगणारा माणूस कुणाचा तरी हात वाचवतो.

बाकीच्या चुका

कंत्राटी कामगारांना यादीतून वगळणं. मशीन तेच, पार्ट तोच, मग टाळ्या वेगळ्या का?

पाहुण्यांची भाषणं आधी आणि बक्षिसं शेवटी. क्रम उलटा करा.

लॉनवर कार्यक्रम असेल तर रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर चालत नाही. पावणेदहाला नावं उरकायची वेळ आली, तर नियोजन चुकलंय.

सोयाबीनच्या काढणीत किंवा दाट लग्नतिथीला तारीख धरणं. निम्मे लोक रानात असतात, निम्मे वऱ्हाडात.

कंपनीचं नाव छापलेलं भिंतीवरचं घड्याळ देणं. आपल्या शहराची हिमरू शाल द्या, ती घरात वापरली जाते.

आणि फोटो. मोबाइलवर टाकून मोकळे होऊ नका. विजेत्याचा फोटो मोठा छापून, फ्रेम करून आठवड्याच्या आत हातात द्या. फोटोग्राफरशी दर ठरवतानाच ही अट घाला आणि फ्रेम मिळेपर्यंत त्याचे थोडे पैसे राखून ठेवा.