सीएलई ५३ कूपे महिनाभर उभी ठेवायची असेल तर

मर्सिडीज-एएमजी सीएलई ५३ कूपेबद्दल बोलताना सगळे ४४९ अश्वशक्तीत अडकतात. मालकाला खरा घोर लागतो तो परगावाहून परतल्यावर, किल्ली खिशात असून गाडी डोळाही उघडत नाही तेव्हा. दोन बॅटऱ्यांची ही गाडी झोपवायची आणि उठवायची कशी, ते इथे सांगतो. ४८ व्होल्टच्या इतर माइल्ड-हायब्रिड (इंजिनाला विजेची थोडी मदत असलेल्या) मर्सिडीजनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी रचना समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि नऊ गिअरचा गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक विजेचं यंत्र बसवलेलं आहे, त्याला आयएसजी म्हणतात. त्याचा जोर १७ किलोवॅट, म्हणजे २३ अश्वशक्ती, आणि टॉर्क २०५ न्यूटन-मीटर. स्टार्टरही तोच, वीज तयार करणारा ऑल्टरनेटरही तोच. त्याला वीज मिळते ४८ व्होल्टच्या लिथियम बॅटरीतून. दुसरी बॅटरी नेहमीची १२ व्होल्टची. दारांची कुलुपं, स्क्रीन, सगळे कंट्रोल युनिट तिच्यावर चालतात. आणि ४८ व्होल्टच्या बॅटरीचा आतला स्विच जोडला जातो तोही १२ व्होल्टच्याच जिवावर. म्हणून ४८ व्होल्टची मोठी बॅटरी भरलेली असली तरी १२ व्होल्टची धाकटी झोपली की गाडी सुरू होत नाही. आमच्याकडे चौकशी येते ती बहुतेक वेळा «हायब्रिड बॅटरी गेली का हो?» अशी, आणि गेलेली असते धाकटी.

धाकटी झोपते कशी, तो हिशेब सोपा आहे. बंद गाडीसुद्धा थोडी वीज पीत असते. हा प्रवाह ५० मिलीॲम्पिअर धरला तर दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास जातात, महिन्याला ३६. सत्तर-ऐंशी ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीतली जवळजवळ निम्मी वीज झाली ही. पार्किंग मोडवर चालणारा बाहेरून बसवलेला डॅशकॅम २५० मिलीॲम्पिअर खात असेल, तर तो दिवसाला सहा ॲम्पिअर-तास संपवतो आणि आठवड्यातच तेवढी वाट लावतो. तेव्हा जाण्याआधी डॅशकॅमची वायर काढा. मोबाइल ॲपवरून रोज «गाडी बरी आहे ना» बघायची सवयही सोडा, प्रत्येक वेळी अर्धी गाडी जागी होते.

किल्ली गाडीपासून लांब ठेवा. बंगल्याच्या पोर्चला लागून असलेल्या भिंतीवरच्या खुंटीला किल्ली टांगलेली असेल, तर गाडी आणि किल्ली रात्रभर एकमेकींना हाका मारत बसतात. किल्लीवरचं लॉकचं बटण लागोपाठ दोनदा दाबलं की तिचं कीलेस काम, म्हणजे खिशातूनच दार उघडणं, बंद होतं. गाडीच्या सेटिंगमध्ये स्टँडबाय मोड असतो, तो चालू करा. त्यात ऑनलाइन सेवा आखडतात, पण बॅटरी जास्त दिवस टिकते.

तीन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल, तर मेंटेनन्स चार्जर, म्हणजे बॅटरी भरलेली राखणारा चार्जर, लावून जाणं उत्तम. पाच ते दहा ॲम्पिअरचा पुरतो. चार्जरवरचं लिथियमचं बटण बघून «आपल्या गाडीत लिथियम आहे की» म्हणत ते दाबू नका. आपण चार्ज करतोय ती १२ व्होल्टची. तिच्या लेबलावर एजीएम (लेड-ॲसिड बॅटरीचाच एक प्रकार) लिहिलेलं असेल तर एजीएम मोडच लावायचा. चार्जरचा व्होल्टेज १४.८ च्या वर जाता कामा नये. काही चार्जरमध्ये बॅटरी पुन्हा जिवंत करण्याचा रिकंडिशन मोड असतो, तो १५.८ पर्यंत चढतो. गाडीला जोडलेल्या बॅटरीवर तो कधीच चालवू नका.

आता चार्जरचे चिमटे. बॉनेटखाली लाल टोपीखालचा पॉइंट हा पॉझिटिव्ह. काळा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावायचा मोह टाळा, तो गाडीच्या अर्थ पॉइंटला, म्हणजे सांगाड्याच्या धातूशी जोडलेल्या अर्थिंगच्या पॉइंटला लावा. निगेटिव्ह खांबावर विजेची आवक-जावक मोजणारा सेन्सर असतो. थेट खांबावर चार्ज केलंत तर भरलेली वीज त्याच्या वहीत चढतच नाही, आणि बॅटरी भरूनही गाडी ती रिकामीच समजते. मग सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारं इको स्टार्ट-स्टॉप चालत नाही, आणि मालक नवी बॅटरी घेऊन मोकळा.

चार्जर डिकीत ठेवून जाऊ नका. धाकटी मेली की डिकी विजेवर उघडत नाही, आणि चार्जर आत असून नसल्यासारखा.

बाकीची तयारी लवकर आटपते. टाकी भरून ठेवा. पंपावरच्या ई२० पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं, आणि टाकी रिकामी असेल तितकी आत हवा जास्त. कुठलं पेट्रोल चालतं ते इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. टायरमध्ये नेहमीपेक्षा ०.२ ते ०.३ बार जास्त हवा भरा, म्हणजे एका जागी चपटे पडणार नाहीत. गाडी धुतल्यावर लगेच झाकू नका. दहा मिनिटं फिरवून, ब्रेक दाबून डिस्क कोरड्या करा. पावसाळ्यात ओल्या डिस्कला पॅड चिकटतात. जमीन सपाट असेल तर पार्किंग ब्रेक हाताने सोडा आणि चाकांना ठोकळ्यांची ओट लावा. तळघरात उंदरांचा वावर असेल तर बॉनेटखाली खाऊचा कागद, सुकी पानं, काहीही राहू देऊ नका.

«शेजाऱ्याला सांगितलंय, आठवड्याला दहा मिनिटं चालू करून ठेवतो.» हे नका करू. इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये पाण्याची वाफ आणि कच्चं पेट्रोल साठतं, एक्झॉस्टमध्ये पाणी राहतं. फिरवायचीच असेल तर तीस-चाळीस मिनिटं रस्त्यावर न्या, नाहीतर चार्जरच्या भरवशावर सोडा.

समजा एवढं करूनही परत आलात आणि गाडी मेलेली आहे. किल्लीतली यांत्रिक किल्ली काढून ड्रायव्हरचं दार उघडा. इथे कूपेची एक खोड आहे. दाराला चौकट नाही, काच सरळ रबरात घुसलेली असते. एरवी हँडल ओढताच काच बोटभर खाली सरकते, मगच दार सुटतं. वीज नसताना ती सरकत नाही. म्हणून दार हळू, थोडं बाहेर ओढत उघडा, आणि उघडल्यावर जोरात आपटू नका. काच चढलेली असताना दार आपटलं तर रबर दुमडतं, ट्रिम वाकते, वाईट नशीब असेल तर काचच जाते. काम होईपर्यंत दार नुसतं लोटून ठेवा आणि मध्ये जाड फडकं अडकवा.

मल्टिमीटर असेल तर लाल पॉइंट आणि अर्थ यांच्यामध्ये मोजा. १२.७ च्या वर असेल तर धाकटी ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधा. १२.४ च्या खाली चार्ज हवा. १२ च्या खाली गेली असेल तर जंप (दुसऱ्या गाडीवरून केबलने वीज) देण्यापेक्षा सहा-आठ तास चार्जरवर ठेवणं केव्हाही चांगलं.

घाई असेल तर जंप द्या, पण १२ व्होल्टच्याच गाडीवरून. ट्रकवाल्याचा २४ व्होल्टचा बूस्टर जवळ आणू देऊ नका. लाल केबल लाल पॉइंटला, काळी अर्थ पॉइंटला. दुसरी गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटं नुसती चालू राहू द्या, मग आपल्या गाडीचं इग्निशन लावा आणि स्क्रीन काय म्हणते ते पूर्ण वाचा. एकदा, फार तर दोनदा सुरू करून बघा. पुन्हापुन्हा बटण दाबलं की प्रत्येक वेळी सगळे कंट्रोल युनिट जागे होतात आणि आलेली वीज तिथेच संपते.

१२ व्होल्ट भरलेली आहे, तरी ४८ व्होल्टच्या बॅटरीची सूचना जात नाही, असं झालं तर थांबा. त्या बॅटरीला घरचा चार्जर किंवा जंप नाही. तिच्या केबलना मोठ्या व्होल्टेजच्या हायब्रिडसारखं नारिंगी आवरण नसतं, त्यामुळे गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला त्या साध्या वाटतात. पण ४८ व्होल्टवर जोड उघडताना ठिणगी पेटून राहू शकते, आणि त्यात पाना वितळतो. वर्कशॉपला फोन करा.

नेताना फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाठीचा टो ट्रकच मागवा, चारही चाकं वर. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी दोन चाकांवर ओढली तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचं काम निघतं. बॅटरी मेलेली असताना गिअर पार्कमधून निघत नाही, म्हणून चाकांखाली ठेवायच्या रोलर-ट्रॉल्या आणायला आधीच सांगा. गाडीचं नाक खाली आहे, तेव्हा रॅम्पपाशी दोन जाड फळ्या लागतील, त्याही सांगून ठेवा.

गाडी सुरू झाली की आधी खिडक्या. काच पूर्ण वर चढवा आणि बटण दोन-तीन सेकंद तसंच ओढून धरा, दोन्ही बाजूंना. त्याशिवाय बोटभर उतरण्याची तिची सवय परत येत नाही. पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये ब्रेकची खर्रखर्र आणि टायरची धपधप ऐकू येईल, ती हळूहळू जाते. पंधरा-वीस किलोमीटरनंतरही धपधप राहिली तर टायर दाखवा. एएमजी मेनूमध्ये ऑइलचं तापमान ८० अंशांवर गेल्याशिवाय पाय जोरात देऊ नका. आणि लगेच घरी वळू नका. तासभर चालवा, म्हणजे आयएसजी दोन्ही बॅटऱ्या नीट भरेल. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी उघडण्याआधी, पुन्हा एकदा मल्टिमीटर लावा. आकडा १२.४ च्या खाली उतरला असेल तर धाकटी बदलायला झाली.