टूके क्लिअर मारल्यावर गन धुताना

टूके म्हणजे हार्डनर घातलेला क्लिअर (गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर). तो स्प्रे गनमध्ये एकदा पक्का झाला की थिनर त्याचं काही वाकडं करू शकत नाही. म्हणून शेवटचा हात मारला की आधी गन, मग चहा. नायट्राइलचे हातमोजे आणि मास्क तसेच राहू द्या, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, विडी-काडी लांब.

उरलेला माल डब्यात ओता. कपात साधारण 50 मिली एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घेऊन ब्रशने कडा धुवा आणि ट्रिगर दाबून डब्यातच सोडा. स्वच्छ थिनर येईपर्यंत असं दोन-तीनदा करा. एकदाच कपभर ओतण्यापेक्षा थोडं-थोडं बरं. कपाच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, ते हमखास राहून जातं.

आता हवेचा पाइप काढा. मागचा स्क्रू आणि स्प्रिंग काढून निडल (नोझलचं तोंड बंद करणारी सुई) सरळ मागे ओढा, मग पुढची एअर कॅप (हवा सोडणारी टोपी), शेवटी पान्याने नोझल. निडल आत असताना नोझल फिरवलं तर दोन्ही ओरबाडतात. बसवताना उलट: आधी नोझल, मग निडल.

भिजवायचं ते फक्त कॅप आणि नोझल, दहा मिनिटं पुरे. अख्खी गन रात्रभर थिनरमध्ये बुडवायची सवय फार ठिकाणी दिसते. त्यात पॅकिंग (गळती रोखणारं सील) फुगतं, आणि हवेच्या वाटेत शिरलेला रंग पुढच्या बॉनेटवर कण होऊन पडतो. कॅपच्या भोकांत तार घालू नका, भोक मोठं झालं की कॅप गेली. लाकडी टूथपिक किंवा नायलॉनचा ब्रश चालतो. निडल, स्प्रिंग आणि ट्रिगरच्या पिनेला सिलिकॉन नसलेलं गन ल्युब लावा. सिलिकॉनमुळे फिश आय (रंगात गोल खड्डे) येतात.

कागदावर फॅन (फवाऱ्याचा पट्टा) मारून बघा. फॅन एका बाजूला वाकडा आला तर कॅप 180 अंशांत फिरवा. वाकडेपणा दुसऱ्या बाजूला गेला तर घाण कॅपमध्ये, तिथेच राहिला तर नोझलमध्ये. गन थुंकत असेल तर नोझल सैल आहे, पॅकिंग कोरडं पडलंय किंवा झाकणाचं ते भोक बुजलंय. ट्रिगर सोडूनही माल गळत असेल तर निडलच्या टोकाला रंग चिकटलाय किंवा पॅकिंग जास्त आवळल्याने निडल अडकतेय.

वॉटर-बेस बेसकोटच्या (क्लिअरखालचा पाण्यावर आधारित रंग) गनला आधी एनसी थिनर लावू नका, रंग दह्यासारखा फुटतो. आधी कंपनीचा वॉटर-बेस क्लीनर, थिनर नंतर.

वापरलेलं थिनर झाकणबंद डब्यात ठेवा. गाळ खाली बसला की वरचं पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला चालतं.