सूर्यास्तातलं पोर्ट्रेट: फ्लॅश लावताना या चुका टाळा

कोकण किनाऱ्यावर प्री-वेडिंग असलं की सूर्य जोडप्याच्या मागे समुद्रात उतरतो आणि चेहरे सावलीत जातात. घाईघाईने आधी फ्लॅश पेटवला जातो, आकाश नंतर आठवतं. गोंधळ इथूनच सुरू होतो.

आकाश पांढरं पडतं. आधी फ्लॅश बंदच ठेवा. मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, शटर १/२०० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ५.६ पासून सुरुवात. सूर्याच्या बाजूचं आकाश केशरी दिसेपर्यंत अ‍ॅपर्चर फिरवा. माणसं काळी पडली तर पडू द्या. मग फ्लॅश १/१६ पॉवरपासून चढवत न्या. आकाश एखादा स्टॉप (उजेड निम्मा किंवा दुप्पट होण्याची एक पायरी) गडद छान दिसतं, दोन-तीन स्टॉप केलं की संध्याकाळची रात्र होते.

फोटोत काळा पट्टा येतो. शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वात वेगवान शटरच्या, बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या, पुढे गेलंय. शटरचा पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा बंद व्हायला लागतो. हाय-स्पीड सिंकने (फ्लॅश एकदाच न उडता सलग झटपट लुकलुकतो) पट्टा जातो, पण फ्लॅशची ताकद निदान दोन स्टॉपने घटते. सॉफ्टबॉक्समधला (प्रकाश मऊ करणारा कापडी डबा) छोटा स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा फ्लॅश, तिथे दमतो. मागचं धूसर हवं असेल तर ३ स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा गडद फिल्टर) लावून एफ ५.६ चं एफ २ करा. शटर आणि फ्लॅश दोन्ही तिथेच राहतात.

चेहरा वरून चिकटवल्यासारखा दिसतो. फ्लॅशचा प्रकाश दुपारच्या उन्हासारखा पांढरा, आजूबाजूला मात्र सोनं. फ्लॅशवर अर्धा सीटीओ जेल (फिकट केशरी पारदर्शक पत्रा) लावा, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) डेलाइटवर ठेवा. ऑटोवर सोडलात तर कॅमेरा तोच केशरी रंग धुऊन टाकतो. पूर्ण सीटीओ नको, नवरी आत्ताच हळदीवरून उठल्यासारखी दिसते. फ्लॅशही कॅमेऱ्यावरून काढून ४५ अंशांवर, डोळ्यांपेक्षा थोडा वर घ्या.

दहा मिनिटांनी मागचं सगळं काळं. सूर्य बुडाल्यावर उजेड भराभर उतरतो, सेटिंग मात्र जुनंच असतं. फक्त शटर मंद करा: १/२००, १/१००, १/५०. प्रत्येक टप्प्याला आकाश एक स्टॉप परत येतं. चेहरा जवळपास तसाच राहतो, कारण फ्लॅशचा लखलखाट शटरच्या वेळेपेक्षा कितीतरी छोटा असतो. १/५० च्या खाली वाऱ्यावर उडणाऱ्या ओढणीला भुतासारखी कडा येते. तिथे आयएसओ २०० करा आणि फ्लॅश १/४ वरून १/८ वर आणा.

जोडपं लाटेला घाबरून मागे सरकलं तर फ्लॅशही तेवढाच सरकवा. १ मीटरचं अंतर १.४ मीटर झालं की चेहऱ्यावरचा उजेड निम्मा होतो. आणि स्टँडला वाळूची पिशवी बांधाच, वाऱ्यात सॉफ्टबॉक्सचं शीड होतं.