आयएसपीएफमधली रेफलिस्ट: शेवटचे ३० डेटासेट हाताशी कसे ठेवायचे

आयएसपीएफ म्हणजे आयबीएम मेनफ्रेमवर काम करायचे मेनू आणि पडदे. त्याच्या एडिट किंवा व्ह्यू पॅनेलवर खालच्या 'अदर' रकान्यात डेटासेटचं (मेनफ्रेमवरच्या फाइलचं) नाव टाइप करून एंटर दाबलं की ते नाव एका यादीत आपोआप जाऊन बसतं. तिचं नाव रेफलिस्ट. तिच्यात ३० जागा असतात आणि सगळ्यात ताजं नाव वर येतं. एकतिसावं नाव आलं की तळाचं गळून पडतं, तेही काही न विचारता. वरच्या प्रोजेक्ट-ग्रुप-टाइपच्या रकान्यांची यादी वेगळी असते आणि तिच्यात फक्त ८ लायब्ररी (आत मेंबर नावाच्या छोट्या फाइली असलेले डेटासेट) मावतात.

यादी बघायला पॅनेलच्या वरच्या पट्टीतला 'रेफलिस्ट' मेनू उघडा, किंवा कमांड लाइनवर 'रेफलिस्टडी' द्या (रेफलिस्टला चिकटून डी, मध्ये जागा नको). लायब्ररींसाठी शेवटी डीऐवजी एल. याहून कामाची, पण फार कमी जणांच्या वापरातली युक्ती म्हणजे कमांड लाइनवर 'डीएसलिस्ट रेफलिस्ट' देणं. मग तीच ३० नावं ३.४ या, डेटासेटची यादी दाखवणाऱ्या, पर्यायाच्या नेहमीच्या यादीसारखी दिसतात आणि प्रत्येकापुढे ई (एडिट), व्ही (व्ह्यू), बी (ब्राउझ), एम (मेंबरांची यादी) ही ओळखीची अक्षरं लावता येतात.

यादीला हात लावण्याआधी शेजारचा 'रेफमोड' मेनू बघा. त्यात दोन पर्याय आहेत. 'लिस्ट एक्झिक्यूट'मध्ये नाव निवडलं की एंटर दाबल्यासारखंच होतं आणि डेटासेट थेट उघडतो. 'लिस्ट रिट्रीव्ह'मध्ये नाव फक्त रकान्यात उतरतं, एंटर तुम्ही दाबायचा. रोजच्या कामाला रिट्रीव्हच ठेवा. कारण बऱ्याचदा दोन ओळींवर एकाच पेरोल लायब्ररीच्या टेस्ट आणि प्रॉड (प्रत्यक्ष वापरातली) अशा प्रती असतात, नावात फरक एका क्वालिफायरचा, म्हणजे टिंबांमधल्या एका तुकड्याचा. एक्झिक्यूट चालू असताना कर्सर एक ओळ चुकला आणि तुम्ही ऑप्शन २ मध्ये, म्हणजे एडिटमध्ये, असलात, तर प्रॉडचा मेंबर एडिटमध्ये उघडतो. काही बदललं नाही तरी त्या मेंबरवर एसपीएफएडिटचा एन्क्यू, म्हणजे कुलूप, लागतो, आणि रात्रीच्या सपोर्टवरच्या माणसाला 'मेंबर इन यूज' दिसतं. तो बिचारा शोधत बसतो कुणी धरून ठेवलंय.

मेनूत शिरायचा कंटाळा असेल तर 'एनरिट्रीव्ह' ही मागची नावं परत आणणारी कमांड एखाद्या पीएफ (फंक्शन) कीला लावून टाका. कमांडचं नाव आठ अक्षरांत बसवायचं म्हणून स्पेलिंगमधला शेवटचा ई गाळलेला आहे. पूर्ण शब्द टाइप केलात तर चालणार नाही. एडिटच्या सुरुवातीच्या पॅनेलवर असतानाच 'कीज' द्या आणि मोकळ्या कीपुढे कमांड लिहा. दुसऱ्या पॅनेलवरून लावलेली की इथे चालेलच असं नाही, कारण पॅनेलगणिक कीलिस्ट वेगळी असू शकते. की दाबून काहीच घडत नसेल तर एकदा 'एनरिट्रीव्ह ऑन' द्या. मग कर्सर 'अदर' डेटासेटच्या रकान्यात ठेवून की दाबत गेलात की एकेक मागचं नाव रकान्यात येत जातं.

पण रेफलिस्ट ही आजची आठवण, उद्याचा भरवसा नाही. एखाद्या रात्री जॉब पडला आणि तुम्ही चाळीस डेटासेट धुंडाळले, की महिनाअखेरीला लागणारी सगळी नावं वाहून जातात. म्हणून जी नावं पुन्हा पुन्हा लागतात त्यांची स्वतःची यादी करायची:

१. 'रेफओपनडी' द्या. तुमच्या सगळ्या याद्या दिसतील. रेफलिस्टही त्यातच असेल.
२. कुठल्याही ओळीपुढे एन लावा. नव्या यादीचं पॅनेल उघडेल.
३. जास्तीत जास्त ८ अक्षरांचं नाव द्या आणि वर्णनाच्या जागी काहीतरी अर्थपूर्ण लिहा. सहा महिन्यांनी 'लिस्ट२' म्हणजे काय होतं ते तुम्हालाही आठवणार नाही.
४. नावं भरा, जास्तीत जास्त ३०. पीएफ३ ने यादी सेव्ह होते. नको असेल तर 'कॅन्सल' टाइप करा.

इथे सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे अवतरणचिन्हं. प्रॉड.पेरोल.पार्मलिब असं उघडं लिहिलंत की आयएसपीएफ पुढे तुमचा टीएसओ प्रीफिक्स (बहुधा तुमचा यूजर आयडी) जोडतं आणि तुमच्या यूजर आयडीने सुरू होणारा, अस्तित्वातच नसलेला डेटासेट शोधायला जातं. मग 'नॉट कॅटलॉग्ड' येतं आणि माणूस डेटासेट कुणी उडवला म्हणून टीमला विचारत सुटतो. पूर्ण नाव असेल तर दोन्ही बाजूंना एकेरी चिन्ह हवंच: 'प्रॉड.पेरोल.पार्मलिब'.

यादीत नुसता नावाचा वरचा भागही, म्हणजे लेव्हल, लिहिता येतो. पेरोलच्या सगळ्या आउटपुट फाइलींची एक लेव्हल टाकली की 'डीएसलिस्ट'पुढे यादीचं नाव देऊन सगळं एकाच पडद्यावर येतं. यादीला तुमच्या हाय लेव्हल क्वालिफायरचंच (डेटासेटच्या नावातल्या पहिल्या तुकड्याचंच) नाव मात्र देऊ नका. 'डीएसलिस्ट पेरोल' म्हणजे यादी की लेव्हल, हा घोळ कशाला?

याद्या शिळ्या होतात. जीडीजीचं (एकाच नावाखाली जमणाऱ्या आवृत्त्यांच्या गटाचं) पूर्ण जनरेशन, म्हणजे शेवटी जी-आकडा-व्ही००, यादीत ठेवलं तर ती जनरेशन रोल-ऑफ झाल्यावर, म्हणजे जुनी होऊन गटातून बाहेर पडल्यावर, ओळ मेलीच म्हणायची. त्याऐवजी बेसची लेव्हल ठेवा. व्हॉल्यूमच्या रकान्यात 'मिग्रॅट' दिसलं तर डेटासेट अजून आहे, पण एचएसएमने (न वापरलेले डेटासेट दुसऱ्या साठ्यात हलवणाऱ्या प्रणालीने) तो हलवून ठेवलाय. त्यावर थेट ई किंवा बी लावलंत तर रिकॉल होईपर्यंत, म्हणजे तो परत डिस्कवर येईपर्यंत, सेशन अडकतं, आणि टेपवर गेला असेल तर बराच वेळ. आधी त्या ओळीपुढे 'एचरिकॉल' लिहून सोडून द्या आणि दुसरं काम करा.

या सगळ्या याद्या तुमच्या आयएसपी-प्रोफ या प्रोफाइल डेटासेटमध्ये राहतात: डेटासेटच्या याद्या आयएसआर-पीलिस्ट या मेंबरमध्ये, लायब्ररींच्या आयएसआर-एललिस्टमध्ये. महिन्यातून एकदा हे दोन मेंबर दुसऱ्या लायब्ररीत कॉपी करून ठेवा. नव्या सहकाऱ्याला यादी द्यायची म्हणून मेंबरच त्याच्या प्रोफाइलवर कॉपी करू नका, कारण त्याच्या स्वतःच्या सगळ्या याद्या पुसल्या जातील. नावं कॉपी-पेस्ट करून दिलेली बरी.

आयएसपी-प्रोफ भरला तर नव्या नोंदी टिकत नाहीत. डी३७ किंवा ई३७ हा एरर कोड आला तर जागा संपलीय, आणि साध्या पीडीएसमध्ये (लायब्ररीच्या साध्या प्रकारात) कॉम्प्रेस केल्याने, म्हणजे वाया गेलेली जागा मोकळी केल्याने, ती बहुधा सुटते. बी१४-०सी आला तर डिरेक्टरी (मेंबरांच्या नावांची सूची) भरलीय. तिथे कॉम्प्रेसचा उपयोग नाही, जास्त डिरेक्टरी ब्लॉक देऊन नवा डेटासेट काढून मेंबर कॉपी करावे लागतात. कॉम्प्रेससाठी ३.४ मध्ये झेड लावलात तर बहुधा 'इन यूज' येईल, कारण तो डेटासेट तुमच्याच सेशनने धरलेला असतो. डिस्पोझिशन ओल्ड ठेवून (डेटासेट एकट्यालाच हवा असं सांगून) आयईबीकॉपी या कॉपी-कॉम्प्रेसच्या प्रोग्रॅमचा जॉब सबमिट करा आणि लॉगऑफ व्हा. डेटासेट सुटेपर्यंत जॉब थांबून राहतो आणि तुम्ही बाहेर पडलात की चालतो. लगेच परत लॉगऑन करू नका, एक-दोन मिनिटं जाऊ द्या.